नाण्यांवरचे आफ्रिकी अरण्य

नाण्यावर राजाचे मुख असावे, हा बहुतेक राजवटींचा जुना शिरस्ता. आफ्रिका खंडातील अनेक देशांनी ती जागा हत्ती, सिंह, गेंडा, जिराफ आणि कुरंगांना दिली. भारतालाही ही कल्पना नवी नाही. ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालेल्या २५ पैशांच्या पोलादी नाण्यावरचा एकशिंगी गेंडा अनेकांच्या आठवणीत असेल. मात्र आफ्रिकी प्राण्यांच्या नाण्यांचा विस्तार त्याहून फार मोठा आहे. रोजच्या व्यवहारातील सुट्या नाण्यांपासून एक औंस शुद्ध सोन्याच्या नाण्यांपर्यंत आणि जोहान्सबर्गपासून म्युनिकपर्यंत तो पसरला आहे. आज जगभरचे संग्राहक ही नाणी हौसेने जमवतात.

असे नाणे हाती आले की त्यावर तीन गोष्टी दिसतात : धातूचे वजन व कस, देशाचे नाव आणि प्राण्याची आकृती. यांपैकी धातूची हमी टांकसाळ देते. देशाचा त्या नाण्याशी आणि नाण्याचा त्या प्राण्याशी संबंध किती, हे मात्र प्रत्येक मालिकेगणिक बदलते. या नाण्यांचा इतिहास पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

नाण्यांचे प्रकार

प्राण्यांची नाणी स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार चलनी नाण्यांचा. ती बाजारात फिरतात, झिजतात आणि त्यांची किंमत त्यांवर छापलेली असते तेवढीच असते. दुसरा प्रकार गुंतवणुकीच्या नाण्यांचा. ती सोने, चांदी किंवा प्लॅटिनमची असून त्यांची किंमत त्या दिवशीच्या धातूच्या भावावर ठरते. तिसरा प्रकार खास संग्राहकांसाठी काढलेल्या स्मारक नाण्यांचा. ती मर्यादित संख्येने पाडली जातात. त्यांतील ‘प्रूफ’ नाण्यांसाठी चकचकीत केलेले ठसे वापरून एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे आरशासारख्या पार्श्वभूमीवर धूसर, उठावदार आकृती उमटते.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या बहुतेक नाण्यांवरही दर्शनी मूल्य असते. कायद्याच्या दृष्टीने ती चलन असतात, परंतु ती घेऊन कोणी भाजी आणायला जात नाही. औंस हे माप येथे ट्रॉय औंस असते. तो ३१.१०३५ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन तोळे आणि वर दोन-तृतीयांश तोळा इतका भरतो.

ताबोऱ्याचा हत्ती

आफ्रिकी प्राण्यांच्या नाण्यांतील सर्वांत नामांकित जुने नाणे युद्धाच्या अडचणीतून जन्मले. आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, रवांडा आणि बुरुंडी मिळून त्या वेळी जर्मन पूर्व आफ्रिका ही वसाहत होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केल्यावर जर्मनीहून नाणी येणे थांबले. तेव्हा १९१६ मध्ये ताबोरा येथील रेल्वेच्या कारखान्यात तात्पुरती टांकसाळ उभारण्यात आली. सेकेंके येथील खाणीच्या सोन्यापासून तेथे १५ रुपियांचे नाणे पाडले गेले. त्याच्या एका बाजूला जर्मन साम्राज्याचा गरुड आणि दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पार्श्वभूमीवर सोंड उंचावलेला हत्ती आहे. ही नाणी सोळा हजारांच्या आसपास निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियमच्या फौजांनी ताबोरा घेतले.

नाण्याचे ‘रुपी’ हे नाव भारतीय वाचकाला चटकन ओळखीचे वाटेल आणि ते तसेच आहे. पश्चिम भारताशी चालणाऱ्या व्यापारामुळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतीय रुपया रुळलेला होता. जर्मनांनी आपले चलन त्याच्याच बरोबरीने ठेवले आणि आरंभी एका रुपीचे ६४ ‘पेसा’ केले. पुढे त्याचे शंभर हेलर झाले. स्वाहिली भाषेत पैशाला आजही ‘पेसा’च म्हणतात. शेजारच्या ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतही १९२० पर्यंत रुपयाच चालत असे. १९२१ मध्ये तेथे शिलिंग आला आणि त्यावर डोंगरांपुढे उभा असलेला सिंह अवतरला.

स्प्रिंगबॉक आणि क्रुगरँड

दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय प्राणी स्प्रिंगबॉक. उंच उड्या मारणारे हे चपळ हरीण शिल्पकार कूर्ट स्टाइनबर्ग यांनी रेखाटले आणि १९४७ मध्ये ब्रिटिश राजघराण्याच्या भेटीच्या निमित्ताने काढलेल्या पाच शिलिंगांच्या चांदीच्या नाण्यावर ते आले. हीच आकृती वीस वर्षांनी एका सुवर्णनाण्यामुळे जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली.

ते नाणे म्हणजे क्रुगरँड. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या सोन्याला ग्राहक मिळावा, या हेतूने ते १९६७ मध्ये बाजारात आले. दर्शनी बाजूस बोअर नेते पॉल क्रुगर यांचे मुख, पाठीमागे स्प्रिंगबॉक. नाणे २२ कॅरटचे असून एकूण वजन ३३.९३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने बरोबर एक औंस आणि बाकीचे तांबे. तांब्यामुळे त्याला किंचित लालसर झाक येते आणि ते लवकर झिजत नाही. त्यावर दर्शनी मूल्य छापलेले नाही, हे त्याचे खास वैशिष्ट्य. सोन्याचा जो भाव, तीच त्याची किंमत. १९८० मध्ये अर्धा, पाव आणि एक-दशांश औंसाची नाणी निघाली. त्या सुमारास जगातील सुवर्णनाण्यांच्या बाजाराचा सुमारे नव्वद टक्के भाग एकट्या क्रुगरँडने व्यापला होता.

या यशाला दुसरी बाजू होती. नाणे काढणारे सरकार वर्णद्वेषी होते आणि नाण्याच्या विक्रीतून त्याला परकीय चलन मिळत होते. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. अमेरिकेने १९८५ मध्ये क्रुगरँडच्या आयातीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी युरोपीय समुदायानेही तेच केले. दरम्यान कॅनडाचे ‘मेपल लीफ’, अमेरिकेचे ‘ईगल’, ब्रिटनचे ‘ब्रिटानिया’ असे स्पर्धक उभे राहिले. वर्णद्वेषी राजवट संपत आली तेव्हा बंदी उठली, नाणे पुन्हा विकले जाऊ लागले आणि पन्नासाव्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याची चांदीची आवृत्तीही निघाली. हरणाची देखणी आकृती नाण्यामागचे राजकारण झाकू शकत नाही, हा धडा क्रुगरँडने दिला.

प्राण्यांसाठी काढलेली नाणी

१९७४ पासून नाण्यांचा एक वेगळा प्रयोग झाला. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सहकार्याने अनेक देशांनी ‘संवर्धन नाणी’ काढली. प्रत्येक देशाची साधारणपणे तीन नाणी असत, दोन चांदीची आणि एक सोन्याचे. त्यावर त्या देशातील धोक्यात आलेले प्राणी असत आणि उत्पन्नाचा काही भाग संवर्धनासाठी जाई.

आफ्रिकेतील संच विशेष सुंदर आहेत. टांझानियाच्या १९७४ च्या संचात २५ शिलिंगांवर जिराफ, ५० शिलिंगांवर काळा गेंडा आणि १५०० शिलिंगांच्या सुवर्णनाण्यावर चित्ता आहे. झैरने, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने, १९७५ मध्ये पर्वतीय गोरिला, ओकापी आणि बिबट्या निवडले. गांबियाच्या १९७७ च्या नाण्यांत मुंग्या-वाळवी खाणारा आर्डव्हार्क आहे. बोत्सवानाच्या १९७८ च्या सुवर्णनाण्यावर तपकिरी तरस आहे, तर झांबियाच्या १९७९ च्या सुवर्णनाण्यावर आफ्रिकी रानकुत्रा. एरवी तिरस्काराने पाहिल्या जाणाऱ्या तरसाला आणि रानकुत्र्याला सोन्यात स्थान मिळाले, ही या मालिकेची खरी थोरवी.

मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसनेही १९७५ मध्ये यात भाग घेतला. त्याच्या ५० रुपयांच्या नाण्यावर मॉरिशसचा केस्ट्रेल हा लहानसा ससाणा आहे. नाणे निघाले त्याच्या आदल्या वर्षी हे पक्षी निसर्गात केवळ चार उरल्याची नोंद होती. जगातील सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक नाण्यावर आला, तेव्हा तो कायमचा निरोप ठरेल असेच वाटत होते. परंतु वेल्श जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून ती पुन्हा रानात सोडण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि पक्ष्यांची संख्या काही शेवर गेली. धोका आजही टळलेला नाही, पण जात वाचली.

टांझानियाच्या काळ्या गेंड्याच्या वाट्याला मात्र उलट अनुभव आला. १९७० च्या सुमारास आफ्रिकेत सुमारे ६५ हजार काळे गेंडे होते. शिंगांसाठी झालेल्या बेसुमार शिकारीने १९९५ पर्यंत ही संख्या अडीच हजारांच्याही खाली गेली. त्यानंतरच्या कडक संरक्षणामुळे ती पुन्हा सहा हजारांवर आली आहे. एकाच मालिकेतील या दोन नाण्यांकडे पाहिले की नाण्याचे काम लक्ष वेधण्यापुरते आणि थोडा निधी जमवण्यापुरते असते, पुढचे काम रानातच करावे लागते, हे स्पष्ट होते.

‘नातुरा’ आणि ‘पाच मोठे’

दक्षिण आफ्रिकेत लोकशाही आली त्या १९९४ सालीच तेथील टांकसाळीने ‘नातुरा’ ही २४ कॅरट सोन्याच्या नाण्यांची मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी सिंह आला. पुढील चार वर्षांत अनुक्रमे गेंडा, हत्ती, रानम्हैस आणि बिबट्या आले. या पाचांना ‘बिग फाइव्ह’, म्हणजे ‘पाच मोठे’ म्हणतात. हे पाच आकाराने सर्वांत मोठे आहेत, असा या नावाचा अर्थ नाही. तसे असते तर जिराफ व पाणघोडा वगळले गेले नसते आणि बिबट्या घेतला गेला नसता. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोकादायक ठरत, त्यांना गोऱ्या शिकाऱ्यांनी दिलेले हे नाव आहे. बंदुकीच्या जगातला शब्द आज पर्यटनाच्या आणि नाण्यांच्या जगात रुळला आहे.

२०१९ मध्ये या पाचांवर चांदीच्या एक औंसाच्या नाण्यांची नवी मालिका सुरू झाली. आरंभ हत्तीपासून झाला. हिच्यातील कल्पना मोठी चतुर आहे. नाण्याच्या दोन कडांना प्राण्याचा अर्धा अर्धा चेहरा असतो. दोन नाणी शेजारी ठेवली की मधोमध पूर्ण मुख जुळून येते. अर्थात त्यामुळे संग्राहकाला एकाऐवजी दोन नाणी घ्यावीशी वाटतात, हा विक्रीचा हिशेबही त्यात आहेच.

देश एक, टांकसाळ दुसरी

आजच्या बाजारात सर्वाधिक ओळखीचे आफ्रिकी हत्तीचे नाणे सोमालियाच्या नावाने निघते. एका बाजूला सोमालियाचे राजचिन्ह, ज्यात ढाल धरलेले दोन बिबटे आहेत आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी नव्याने रेखाटलेला हत्ती. चांदीच्या एक औंसाच्या नाण्यावर १०० शिलिंग असे मूल्य असते. हे नाणे पाडले जाते ते म्युनिक येथील बव्हेरियाच्या सरकारी टांकसाळीत. १९९९ पासून ही मालिका झांबियाच्या नावाने निघत असे. २००४ पासून ती सोमालियाच्या नावावर आली. हत्ती तोच राहिला, टांकसाळही तीच, देश मात्र बदलला.

यात बेकायदेशीर काही नाही. एखादा देश आपल्या नावाने नाणे काढण्याचा अधिकार देतो आणि त्याचा मोबदला घेतो. परंतु खरेदीदाराने हे जाणून असावे. १९९१ मध्ये केंद्रीय सत्ता कोसळल्यानंतर दीर्घ यादवीत होरपळलेल्या सोमालियात असे नाणे कोणाच्या हातात पडत नाही आणि तेथील भूमीवर हत्तीही अत्यल्प उरले आहेत. नाण्याची धातूची शुद्धता आणि कलाकुसर उत्तम आहे. त्याचे मूल्य तेवढ्यावरच जोखावे.

रवांडाच्या नावाची ‘आफ्रिकन औंस’ मालिका अशीच युरोपात पाडली गेली. ५० फ्रँकच्या या चांदीच्या नाण्यांवर प्राणी दरवर्षी बदलत असे. २००८ च्या नाण्यावरचा पर्वतीय गोरिला संग्राहकांचा विशेष आवडता. येथे प्राण्याचे देशाशी नाते मात्र खरे आहे. विरुंगा पर्वतरांगेतील गोरिलांवर रवांडाचे पर्यटन उभे आहे. गोरिला पाहण्याच्या परवान्याचे शुल्क २०१७ मध्ये माणशी १५०० अमेरिकी डॉलर करण्यात आले आणि उद्यानांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा आसपासच्या वस्त्यांना देण्याचे ठरले. पर्वतीय गोरिलांची संख्या आज हजाराच्या वर आहे. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्यांचा धोका एका पायरीने कमी दाखवण्यात आला. हे यश रक्षकांचे, पशुवैद्यांचे आणि त्या गावांचे आहे.

केनिया : राष्ट्राध्यक्षांच्या जागी सिंह

चलनी नाण्यांत सर्वांत लक्षणीय बदल केनियाने केला. स्वातंत्र्यानंतर तेथील नाण्यांवर राष्ट्राध्यक्षांची मुखे येत राहिली आणि सत्ताधीश बदलला की नाणे बदलण्याची पाळी येई. २०१० च्या राज्यघटनेने नोटा व नाण्यांवर कोणाही व्यक्तीचे चित्र असू नये, असा दंडक घातला. त्यानुसार डिसेंबर २०१८ मध्ये नवी नाणी आली. एका शिलिंगावर जिराफ, पाचवर गेंडा, दहावर सिंह आणि वीसवर हत्ती. त्याच वर्षी १९ मार्च रोजी केनियातील ओल पेजेता अभयारण्यात ‘सुदान’ हा उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांपैकी अखेरचा नर मरण पावला होता. त्याच्या मागे दोन माद्या तेवढ्या राहिल्या. त्यामुळे पाच शिलिंगांवरच्या गेंड्याला त्या वर्षी वेगळाच अर्थ आला.

दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये आपली चलनी नाणी बदलली, तेव्हा एका रँडवर स्प्रिंगबॉक कायम ठेवला. पण दहा सेंटवर केपची मधमाशी आणि पाच रँडवर दक्षिणी राइट व्हेल घेतला. ‘पाच मोठ्यां’च्या पलीकडेही प्राणिसृष्टी आहे, याची ही दखल म्हणता येईल.

संग्राहकाने काय पाहावे

हा छंद नव्याने सुरू करणाऱ्याने आधी स्वतःचा हेतू ठरवावा. सोने-चांदीत पैसे गुंतवायचे असतील, तर धातूच्या भावापेक्षा फारशी अधिक रक्कम न मोजता मिळणारी आणि सहज विकली जाणारी नाणी घ्यावीत. कलाकृती म्हणून जमवायची असतील, तर किती नाणी पाडली, मूळ पेटी व प्रमाणपत्र आहे का, नाण्याची स्थिती कशी आहे, हे पाहावे. ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांना भुलू नये. ज्या नाण्याला मागणीच नाही, ते थोडेच निघाले म्हणून मोलाचे होत नाही. साध्या धातूवर सोन्याचा मुलामा देऊन रंगीत सिंह छापलेली नाणी भेटीदाखल ठीक, पण ती परत विकायला गेल्यास घातलेले पैसे क्वचितच निघतात.

नकली नाणी प्रसिद्ध नाण्यांचीच निघतात, म्हणून क्रुगरँड घेताना विशेष सावध राहावे. वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकदम जुळवणे नकली नाणे करणाऱ्याला अवघड जाते, कारण सोन्याइतका जड आणि स्वस्त धातू सहजी मिळत नाही. सोने वा चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर नाणे खोटे. क्रुगरँडच्या कडेवरील खाचाही मोजता येतात : एक औंसाच्या साध्या नाण्यावर १६०, प्रूफ नाण्यावर २२०.

नाणे कडेने धरावे. चांदी काळवंडली म्हणून चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड लावू नये. घासलेल्या नाण्याची किंमत जी उतरते ती परत येत नाही. नाणे हवाबंद कुपीत, कोरड्या जागी ठेवावे. परदेशातून मागवताना सीमाशुल्क व कराचे त्या वेळचे नियम आधी पाहावेत आणि पावती जपून ठेवावी. पुढे विक्रीच्या वेळी तीच कामी येते.

ज्यांना प्राण्यांसाठी काही करावे असे वाटते, त्यांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : या नाण्याच्या किमतीतला किती भाग, कोणत्या संस्थेकडे आणि कोणत्या कामासाठी जातो? ‘संवर्धनास हातभार’ एवढे मोघम उत्तर पुरेसे नाही. २०२१ मध्ये आफ्रिकेतील सवानातील हत्ती ‘धोक्यात’ आणि जंगलातील हत्ती ‘अतिशय धोक्यात’ असल्याचे जागतिक लाल यादीत नोंदले गेले. त्या वर्षीही हत्तीची नाणी नेमाने निघाली. केस्ट्रेलच्या नाण्याला आज जे मोल आहे, ते चांदीच्या भावापलीकडचे आहे, कारण ज्या पक्ष्याचे ते चित्र आहे तो पक्षी मॉरिशसच्या रानात अजून उडतो आहे.